बसऱ्याला गेलेला 'पळणारा'

आमच्या घरात एका माणसाबद्दल फक्त एक वाक्य उरलं आहे. "ते पळणारे व्हते. बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाय."

वाक्य आजीचं आहे. ज्यांच्याबद्दल आहे, ते माझ्या आजोबांचे सख्खे चुलते. त्यांचा फोटो नाही, पत्र नाही, पदक नाही. आजीनेही त्यांना पाहिलेलं नाही. ती सून म्हणून घरात आली तेव्हा त्यांना जाऊन पंचेचाळीसेक वर्षं झाली होती. तिने हे वाक्य तिच्या सासऱ्यांकडून ऐकलं आणि जसंच्या तसं सांभाळलं.

मी विरारला राहते. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात. विरार-नालासोपाऱ्यातल्या हजारो घरांसारखंच आमचं घर: गणपती आणि शिमग्याला गाव, बाकीचं वर्ष लोकल. आमच्याकडे २०११ साली वसई-विरार मॅरेथॉन सुरू झाली आणि रस्त्यावर पळणाऱ्या माणसांची शहराला सवय झाली. मी तिच्यातली २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन पळायचं ठरवलं, तेव्हा घरात चर्चा झाली की हे खूळ हिच्यात आलं कुठून. त्यावर आजीने हे वाक्य काढलं.

मला भारी वाटलं. घराण्यात एक धावपटू, तोही पहिल्या महायुद्धात गेलेला! पण माझ्या चुलत भावाने शांतपणे विचारलं, "पळणारे म्हणजे पळून गेलेले नाहीत ना?"

कोणी काही बोललं नाही. प्रश्न वाईट होता, पण चुकीचा नव्हता. शंभर वर्षांपूर्वी लढाईवर गेलेला माणूस परत येत नाही, त्याच्यामागे 'पळणारा' हा एकच शब्द उरतो, तेव्हा त्या शब्दाला दोन्ही बाजूंनी धार असते. मी शोध सुरू केला तो या एका शब्दासाठी.

एका शब्दाचे तीन अर्थ

मराठीत पळणारा म्हणजे काय काय?

पहिला अर्थ आपल्याला आज सगळ्यात आधी सुचतो: शर्यतीत पळणारा.

दुसरा अर्थ जुना आहे: निरोप घेऊन पळणारा. आपल्याकडे यासाठी जासूद आणि काशीद असे चांगले शब्द होते. पेशवाईत महत्त्वाची पत्रं घेऊन जासुदांच्या जोड्या पायी पळायच्या. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली पत्रंही अशीच जात-येत होती. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी वसईचा किल्ला सोडला, ती बातमी पुण्याला पोहोचली तीही कोणाच्या तरी पायांच्या आणि घोड्यांच्या जोरावर. पुढे इंग्रजी अमलात टपाल खात्याने डाक रनर ठेवले. हातात भाला, भाल्याला घुंगरू, पाठीवर टपालाची पिशवी. आणि पहिल्या महायुद्धात प्रत्येक पलटणीत 'रनर' असायचे. टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटायच्या, मग पुढच्या खंदकातला निरोप मागच्या ठाण्यापर्यंत माणसाने पळत न्यायचा. बाकीचे जमिनीत दडून बसलेले असताना याने उघड्यावर पळायचं. लढाईतल्या सगळ्यात धोक्याच्या कामांपैकी हे एक काम.

तिसरा अर्थ भावाने विचारलेला.

आजी शाळा शिकलेली नाही, पण मराठी तिचं पक्कं आहे. मी तिला विचारलं, "पळणारे की पळपुटे?" ती रागावली. "पळपुट्याला पळपुटाच म्हन्तात. तुझ्या पणजोबांनी भावाला कधी पळपुटा म्हटलं नाय." हा भाषेचा पुरावा झाला. मला कागदाचाही हवा होता.

बसरा म्हणजे कुठे?

'बसऱ्याला गेला' हे शब्द कोकणात आणि साताऱ्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी असतात. काही ठिकाणी तर पहिल्या महायुद्धाचं नावच 'बसऱ्याची लढाई'. आपण शाळेत हे युद्ध खंदक, फ्रान्स, जर्मनी असं शिकतो. पण मराठी मुलखातल्या पलटणींचं मुख्य रणांगण होतं मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. तिथे समोर होतं तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य.

नोव्हेंबर १९१४ मध्ये भारतातून गेलेलं सैन्य इराणच्या आखातातल्या फाव इथे उतरलं आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. ही फौज सहाव्या डिव्हिजनची, तिचं नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३ आणि ११० या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या, ११७ मराठाज होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतल्या गावांतून भरती झालेली ही पोरं. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली हे सैन्य टायग्रिस नदीच्या कडेने वर सरकत बगदादच्या जवळ गेलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईत इतकी माणसं पडली, की मागे फिरावं लागलं. माघार घेत सैन्य कुट-अल-अमारा या गावात येऊन थांबलं आणि डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला.

वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापली गेली. बऱ्याच हिंदी सैनिकांनी धर्मामुळे ते मांस खायला नकार दिला. खायला हरकत नाही असे निरोप भारतातल्या धर्मगुरूंकडून मागवावे लागले. उपासमारीने आणि स्कर्व्हीने माणसं गळाली. काही सैनिक रात्री तळ सोडून निघून गेले, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. मग कैद्यांना उन्हातून, वाळवंटातून चालवत उत्तरेला नेलं. रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेमार्गाच्या कामाला लावलं. वाटेत आणि कामावर हजारो मेले.

जे वेढ्यात नव्हते, त्यांचंही बरं चाललं नव्हतं. कॉलरा, हगवण, ताप, उष्माघात. जखमींना नेण्यासाठी पुरेशा बोटी नव्हत्या, औषधं नव्हती. प्रकरण इतकं गाजलं की ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

आजीच्या वाक्यातल्या 'बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाय' या अर्ध्या भागात एवढं सगळं बसतं.

ज्यांची नावं सापडतात ते

युद्धात गेलेला खेळाडू शोधणं काही देशांत तसं सोपं असतं. 'विस्डेन' हे क्रिकेटचं वार्षिक घ्या. १९१६ आणि १९१७ च्या अंकांत त्यांनी दरवर्षीचे पाच सर्वोत्तम क्रिकेटपटू निवडलेच नाहीत. पानं भरली होती ती युद्धात गेलेल्या खेळाडूंच्या मृत्युलेखांनी. न्यूझीलंडचा टेनिसपटू टोनी वाइल्डिंग, सलग चार वर्षं विम्बल्डन जिंकलेला, ९ मे १९१५ रोजी फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलजवळ मारला गेला. फ्रान्सचा धावपटू झाँ बुवाँ याने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटरला रौप्यपदक मिळवलं आणि सप्टेंबर १९१४ मध्ये तो आघाडीवर मेला. टॉटनहॅमकडून फुटबॉल खेळलेला वॉल्टर टल हा ब्रिटिश सैन्यातल्या पहिल्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी एक. २५ मार्च १९१८ ला तो पडला आणि त्याचं शव कधीच मिळालं नाही. तरी त्याची गोष्ट पुन्हा उभी करता आली, कारण सामन्यांचे वृत्तांत होते, क्लबचे कागद होते, अधिकारी म्हणून नोंदी होत्या.

मराठी नावही आहे एक. श्रीकृष्ण वेलिणकर, जन्म मुंबईचा, १८९४ चा. केंब्रिजला शिकलेला हा तरुण ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाला. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानं चालवणारे भारतीय मोजून चार: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि वेलिणकर. मलिक ससेक्सकडून क्रिकेट खेळलेले, युद्धातून वाचले, पुढे राजदूत झाले. रॉय जुलै १९१८ मध्ये गेले. वेलिणकर जूनअखेर जर्मन हद्दीत पडले आणि ३० जून १९१८ ला जखमांमुळे वारले. जर्मनांनी त्यांना पुरलं ते 'वुमकर' अशा काहीतरी नावाने. घरच्यांना कितीतरी दिवस फक्त 'बेपत्ता' एवढंच माहीत होतं. युद्ध संपल्यावर त्यांच्यासाठी पत्रव्यवहार झाला, चौकशा झाल्या आणि शेवटी 'वुमकर' म्हणजेच वेलिणकर हे सिद्ध झालं. आज फ्रान्समध्ये हँगार्डच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे.

हे वाचताना मला एक गोष्ट लक्षात आली. चुकीच्या नावाखाली पुरलेला माणूससुद्धा सापडू शकतो, पण त्यासाठी कोणीतरी पत्रं लिहावी लागतात, योग्य टेबलावर, योग्य भाषेत. खेडच्या डोंगरातल्या शेतकऱ्याकडे यातलं काय होतं?

नाव की आकडा

बसऱ्याजवळ माकील इथे मार्च १९२९ मध्ये एक मोठं स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून अधिक माणसांसाठी. त्यातले तीस हजारांहून अधिक भारतीय. ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, साध्या शिपायापर्यंत. भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. बाकी शिपाई, नाईक, हवालदार यांचं काय? पलटणीच्या नावाखाली आकडा. अमुक पलटण, इतकी माणसं.

त्याच आयोगाने फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला बांधलेल्या भारतीय स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक नावं कोरलेली आहेत, शिपायांचीसुद्धा. म्हणजे नावं कोरता येत नव्हती असं नाही. युरोपात मेलेल्या शिपायाला नाव मिळालं, इराकमध्ये मेलेल्याला आकडा. २०२१ मध्ये या आयोगाने, म्हणजे आजच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि हा भेदभाव मान्य केला. आशिया-आफ्रिकेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी किंवा कसलीच नोंद स्मारकांवर नाही, असं त्यात म्हटलं आहे.

आपल्याकडच्या गावांतही हेच दिसतं. कोकणात आणि घाटावर अनेक गावांत चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीवर छोटी संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. गावात तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की ते कोण. पाटी करणाऱ्याला वाटलं असेल, नावं लिहायची गरज काय. मग माहीत असलेली माणसं गेली आणि आकडा उरला.

वंशावळ, फेरफार आणि स्पेलिंग

आमच्या शोधाला मदत झाली ती भलत्याच कामाची. गेल्या काही वर्षांत जातीच्या दाखल्यांसाठी घराघरांत जुन्या नोंदी काढल्या जात आहेत. आमच्याही भावकीतल्या एका काकांनी तालुक्याला खेपा घालून वंशावळ तयार केली होती. मोडी वाचणाऱ्याला पैसे देऊन कागद उतरवून घेतले होते. त्या वंशावळीत आजोबांच्या चुलत्यांचं नाव होतं, खाली रेघ नव्हती. कंसात फक्त 'वारस नाही'.

कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, त्यांचा मृत्यू नाही. ते बरोबरच आहे. गावात मेलेल्याची नोंद गावात होते, परमुलखात मेलेल्याची कोतवाल कशी करणार? मी मात्र दुसरा कागद मागितला: फेरफार. जमिनीवरचं एखादं नाव कमी होतं तेव्हा का कमी झालं ते फेरफाराच्या वहीत लिहावं लागतं. भावांच्या सामाईक जमिनीवरून त्यांचं नाव कमी झाल्याची नोंद मिळाली. कारणाच्या जागी 'मयत', आणि पुढे नाव चढलेलं ते बायकोचं नाही, भावाचं. लढाईचा उल्लेख नाही. पण साल लागलं आणि ते युद्धाच्या काळाशी जुळलं.

मग मी ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर गेले. बसऱ्याच्या भिंतीवर जी नावं कोरली नाहीत, ती आज तिथे शोधता येतात, बऱ्याचदा वडिलांच्या, गावाच्या, तालुक्याच्या नावासकट. फोनवर फुकट होतं हे. अडचण स्पेलिंगची. भरतीच्या वेळी कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. मोरे, पवार, चव्हाण, जाधव, शिंदे, एकेका आडनावाची चार-पाच रूपं. गावांच्या नावांचं तर विचारू नका. मी कागदावर आमचं आडनाव जितक्या प्रकारे चुकू शकतं तितक्या प्रकारे लिहिलं आणि प्रत्येक प्रकार टाकून पाहिला. रात्रीची शेवटची विरार लोकल गेल्यावर चालणारं हे काम आठवडाभर चाललं.

शेवटी तीन नोंदी उरल्या. तिघांचं नाव तेच, तिघे मराठा पलटणींतले शिपाई, तिघांचं स्मारक बसरा. एकाचा जिल्हा सातारा, म्हणून तो बाजूला. एकाच्या वडिलांचं नाव वेगळं. तिसऱ्याचं वडिलांचं नाव जुळतं, तालुका जुळतो, गावाच्या नावाची पहिली दोन अक्षरं जुळतात. तेवढंच. हेच आमचे आजोबा असतील असं मी शपथेवर सांगणार नाही. एकाच तालुक्यात एका नावाचे, एका बापाच्या नावाचे दोन शिपाई असणं कोकणात काही अशक्य नाही. म्हणून त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या कोणाच्या घरचा माणूस आमचा म्हणून मिरवायचा नाही, असं घरात ठरलं आहे.

कचेरीतले पैसे

भावाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कागदात मिळालं नाही. ते आजीच्याच आठवणीत होतं. आम्ही कोणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

बसऱ्याला गेलेल्या आजोबांची बायको बरीच वर्षं जगली. आजी लग्न होऊन आली तेव्हा त्या होत्या. आजी त्यांना थोरल्या सासूबाई म्हणते. घरात त्यांचा वेगळा हंडा, वेगळी ट्रंक. दर काही महिन्यांनी त्या पहाटे उठून खेडला चालत जायच्या, कचेरीत अंगठा द्यायच्या आणि संध्याकाळी पैसे घेऊन परत यायच्या. येताना पोरांसाठी गुळाचा खडा. "कसले पैसे?" मी विचारलं. आजी म्हणाली, "लढाईचं पेन्शन. नवऱ्याचं."

सैन्यातून पळून गेलेल्याच्या बायकोला सरकार पेन्शन देत नाही. शरण गेलेल्या कैद्याचं समजू शकतं, आजाराने मेलेल्याचं, लढताना पडलेल्याचंही. पळालेल्याचं नाही. आणि पळून गेलेल्याचं नाव मृतांच्या यादीत येत नाही. भावाला मी फोन केला. तो म्हणाला, "मग संपलं ना." आमच्यापुरता तिसरा अर्थ तिथे संपला.

तुमच्या घरी असा कोणी असेल, तर आधी हे विचारा: मागे कोण उरलं होतं आणि त्यांचं घर कशावर चाललं? पेन्शनची वही, पदक, काही ना काही सापडू शकतं. त्या काळच्या पदकांवर सैनिकाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, बहुतेक पदकांच्या कडेला. त्या एका ओळीतून पुढचं बरंच हाती लागतं. घरातलं कोणी पलटणीत नसून बोटीवर असेल, तर मुंबईतच मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांवर, दुसऱ्यातले सहा हजारांवर. आपल्या लोकलला दादरला गाडी बदलली की मध्य रेल्वेवरचं ते एक स्टेशन.

खेळाडू कधी झाला?

उरले दोन अर्थ. शर्यतीत पळणारा की निरोप घेऊन पळणारा?

मला अजूनही पहिला हवा आहे, हे कबूल करते. पण तो शोधायचा तर कुठे? १९१४ च्या आधी मराठी मुलखात कुस्तीला आखाडा होता, वस्ताद होता, इनाम होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये तयार झालं होतं. क्रिकेटला वर्तमानपत्रं होती. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, ते आज आकड्यांनिशी सांगता येतं. पळण्याला यातलं काही नव्हतं. शेतकऱ्याचं पोर डोंगर चढून-उतरून पळायचं, त्याला काम म्हणत. वेळ लावणारं घड्याळ नाही, आखलेली वाट नाही, नोंदणारी वही नाही.

ते बदललं युद्ध संपल्यावर. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी पाहिलं की शेतकऱ्यांची अनवाणी पोरं लांब पल्ल्याला युरोपातल्या धावपटूंच्या जवळपासची वेळ देत आहेत. त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरला हाताशी धरून, पैसे उभे करून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवला. त्यात मॅरेथॉनला दोघे होते, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती.

चौगुले ज्या बेळगावचे, तिथेच १९२२ मध्ये मराठा पलटणींचं केंद्र आलं. एकाच काळातली, एकाच मुलखातली माणसं, पळण्याची ताकद कदाचित सारखीच. एकाला १९२० मध्ये घड्याळ लावणारा भेटला म्हणून त्याची वेळ सेकंदापर्यंत आपल्याकडे आहे. दुसरा त्याआधीच पलटणीबरोबर गेला, म्हणून त्याच्याकडे क्रियापद आहे.

म्हणून 'ते खेळाडू होते का' या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर आहे ते असं: पळणारे ते होतेच, खेळाडू म्हणायला तेव्हा कोणी नव्हतं. आणि दोन्ही अर्थ एकाच माणसाचे असण्याचीही शक्यता आहे. पलटणीला रनर लागतो तेव्हा हवालदार कोणाकडे बोट दाखवेल? जो गावात असताना सगळ्यांत जोरात पळायचा त्याच्याकडे. भावाने बाकी सगळं सोडून तेवढंच लक्षात ठेवलं, तर त्याला कारण असणार. त्याने भाऊ मैदानात पाहिला नव्हता, बांधावर पाहिला होता.

ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत गावाचं नाव अर्धवट आहे. फेरफार आणि वंशावळीच्या प्रती जोडून मी दुरुस्तीसाठी लिहिणार आहे. मान्य होईल, न होईल. माणूस आमचा नसला तरी गाव कोणाचं तरी आहे, ते नीट लिहिलं जावं.

पण त्याआधी एक काम आहे. काकांची वंशावळ मी पुन्हा पाहिली, तर तिच्यात फक्त पुरुष आहेत. 'वारस नाही' असं ज्यांच्या नावाखाली लिहिलंय, त्यांची बायको त्या कागदावर कुठेच नाही. फेरफारात जमीन भावाच्या नावावर गेली, तिच्या नाही. बसऱ्याच्या स्मारकावर निदान आकड्यात तरी नवरा होता. ही बाई आजीच्या आठवणीत 'थोरल्या सासूबाई' आहे, तिचं पाळण्यातलं नाव आजीलाही ठाऊक नाही. चाळीस-पन्नास वर्षं ती खेडच्या कचेरीत जाऊन अंगठा देत राहिली. त्या अंगठ्याशेजारी कारकुनाने नाव लिहिलं असणार. पेन्शनचे ते कागद कुठे असतील, याची चौकशी मी गणपतीला गावी जाईन तेव्हा करणार आहे.